सातपाटीच्या बाईंचे दोन तास

देवाने माणसाला तोंड दिलं ते जेवायला आणि बोलायला. आमच्या सातपाटीच्या बाईंना दिलं ते सरकार हलवायला. अपंगांना घरी जाऊन मदत करणाऱ्या आमच्या लहानशा संस्थेत त्या फिरत्या कार्यकर्त्या होत्या, आणि मी पालघरच्या कचेरीत बसून त्यांच्या वहीतले तास तपासणारा माणूस. बाईंचं निम्मं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. त्यामुळे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेल्या की पापलेटाचा भाव करावा तशी तारखेची घासाघीस करत. "पुढच्या महिन्यात? या बाबाचा पाय काय पुढच्या महिन्यात जायचा हाय?" कारकून घाम पुसत उद्याची तारीख देई. खाडीपलीकडच्या मुरबे गावातल्या एका आंधळ्या मुलीला बोंबील सुकत घालायला शिकवायचं होतं, तर आधी स्वतःला कळावं म्हणून बाईंनी आपल्याच डोळ्यांवर फडकं बांधलं आणि निम्मे बोंबील बांबूवर, निम्मे शेजारी बसलेल्या म्हातारीच्या खांद्यावर टाकले. "अगो बाय, मला सुकत घालतेस काय!" म्हातारी ओरडली, आणि सगळी आळी पोट धरून हसली. ती मुलगी तर हसता हसता वाळूत बसली. महिन्याभरात तिच्या बांबूवरचा एक बोंबील खाली पडत नव्हता.

पण वही लिहिताना बाईंचा हात फार आखडता. व्यायाम करून घेतला, अर्धा तास. काठी धरून चालायला शिकवलं, एक तास. खाडीवर होडीची वाट बघणं, मुलीची वेणी घालणं, "हिचं पुढं काय होनार" म्हणून रडणाऱ्या आईजवळ बसणं, यातलं काही वहीत नाही. सकाळी निघून दिवेलागणीला परतलेल्या बाईंचे तास भरत दोन. मी एकदा विचारलं, "बाई, बाकीचा दिवस कुठं गेला?"

"अवो भाऊ, बोलत बसले व्हते. तोंड चालवायचे पैसे मिळते तर आमा कोळणींचे बंगले झाले असते!"

मी हसलो. तेच मला आज सांगायचं आहे. घरातून निघाल्यापासून सगळे तास धरायचे, हा नियम मला तोंडपाठ होता. त्याप्रमाणे त्यांना पाचपट पैसे मिळाले असते. मी बोललो नाही. त्यांच्या दोन तासांमुळे आमचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात बसे आणि वार्षिक सभेत कौतुकाची शाल माझ्या खांद्यावर पडे. अशा सहा शाली माझ्या कपाटात आहेत.

गेल्या वर्षी घरात भागेना म्हणून बाई बोईसरला एका कारखान्यात डबे भरायला लागल्या. तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. सभेत सगळं सांगितलं. मागचे तास नव्याने धरून पैसे द्यायचं ठरलं. ते सांगायला मी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, हितं नुसती मजा हाय!" बाई लांबूनच ओरडल्या. "च्या प्यायला बसले तरी पैसे! सुपरवायझर बोलतो, मौसी, पूरा आठ घंटा लिखो!"

मी खाली मान घालून नियमाचं आणि मागच्या पैशांचं सांगितलं.

"तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पैसे घेनार. सगळे घेनार," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मुरब्याला आता कोन जातं?"

"दोघी ठेवल्यात. पूर्ण तास लिहितात."

"लिवू दे. मीपन जाते, दर रविवारी." रिक्षात बसता बसता त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. "ते मातर वहीत घालू नका, भाऊ. ते माझे तास हायत."