मायच्या चान्या

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. नाशिक रोडच्या मालधक्क्यावर पोती उचलायचो. साखरेचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन वॅगनच्या फळीवरून उतरताना तोंडातून हूं काढायचो नाही. त्या अंगाचा मला गर्व होता, आजही आहे. आणि त्याच साली घरातल्या एका म्हातारीपुढं माझं काहीएक चाललं नाही. तिचं वजन माझ्या पोत्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं.

म्हातारी म्हणजे माझी माय. फाल्गुनात तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण तिचं अन्न सुटलं ते सुटलंच. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, इकडून तिकडं फिरवायची आणि काढून ताटाच्या कडेला ठेवायची. जीभ अशी करायची की जणू माती खाल्ली. डॉक्टरनं छाती बघितली, पोट दाबलं, म्हणाला, आता आजार नाही, अशक्तपणा आहे, खायला घाला. अरे, खायला घाला हे मला सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? ती खात नाही, तेच तर दुखणं.

एक दिवस आपण होऊन म्हणाली, "चान्या भाजून दे. चान्या असल्या तर खाईन."

मला वाटलं, सुटलो. एवढंच ना!

चान्या म्हणजे वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. उन्हाळ्यात करून ठेवायच्या, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजायच्या, दगडावर कुटायच्या आणि भाकरीबरोबर खायच्या. आमच्या लोकांत हे घरोघर होतं. पण आम्ही चाळ सोडून कॉलनीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हापासून आमच्याकडं चान्या झाल्या नव्हत्या. बायको म्हणायची, पोरांना इथं शिकायचंय, इथल्या लोकांत राहायचंय. तिचंही खोटं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आपण करायच्या नाहीत, जिथं होतात तिथून आणायच्या.

पहिल्या आणल्या सिन्नरहून, सासूच्या. तिची पद्धत अशी, की बकऱ्याच्या मटणाचे सुपारीएवढे तुकडे करायचे, त्यांना मीठ, लाल मिरची, ठेचलेला लसूण चोळायचा आणि सुपात पसरून वाळवायचे. मला त्या आवडतात, खोटं कशाला बोलू. दाताखाली फुटल्या की नाकातून पाणी येतं. मायनं एक तोंडात धरली आणि काढून तळहातावर घेतली.

"ह्या चान्या नाय. हे सांडगे हायेत."

बायकोला लागलं ते. "आत्या, माझ्या आईनं उन्हात बसून केल्यात."

"मग तिला सांग, सांडगे बरे झाले."

दुसऱ्या आणल्या देवळालीगावातल्या एका ट्रकवाल्याकडून. तो धक्क्यावर माल न्यायला यायचा, माझा दोस्त. त्यांच्यात बकरी ईदचं मटण उरलं की लांब तुकडे कापून हळद-मीठ लावतात आणि सुईदोऱ्यात ओवून गच्चीवर टांगतात. लांबून फुलांचा हार दिसतो. खायच्या वेळी भाजत नाहीत, तेलात तळतात. डब्यात ईदपासून राखलेल्या होत्या, त्या त्याच्या बायकोनं सगळ्या काढून दिल्या. म्हणाली, अम्मांना सांगा, दुवा करा. मायनं दोन घास चघळले. मी बघतच होतो. मग म्हणाली, "तेल लागतंय जिभंला. दुसरं काय नाय." आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिसऱ्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्कराच्या छावणीतल्या. तिथं एक नेपाळी जवान होता, त्याच्या घरी चुलीवर काठी बांधून तिच्यावर मटण टांगत. ऊन नाही, नुसता धूर. काळं पडेपर्यंत, बुटाच्या तळासारखं टणक होईपर्यंत. त्यानं मला पत्र्याच्या बशीत मिरची-टोमॅटोत कुटून खायला दिलं आणि लांबट तुकडा कागदात बांधून दिला. बसमध्ये माझ्या बाजूची बाई नाकाला पदर लावून दुसरीकडं जाऊन बसली, इतका त्या कागदाला धूर. घरी भाजायला घेतलं तर बायको दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मायनं ते नाकाशी धरलं. कितीतरी वेळ धरलं. मग मला म्हणाली, "ह्याला तर काय वासच नाय."

मला राग आला. माझा हट्टी स्वभाव कुणाकडून आला ते तेव्हा मला कळलं. मी म्हणालो, "माय, सगळी बस उठली ह्या वासानं, आन् तू म्हणती वास नाय?"

तिनं तो तुकडा परत कागदात गुंडाळला. त्या दिवशी पेजेचं पाणी तेवढं घेतलं.

मग माझ्या मनात एक वाईट शंका आली. लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. मी लहान होतो तेव्हा आमच्या घरात ज्या चान्या होत्या त्या मेलेल्या ढोराच्या होत्या. गावचं ढोर मेलं की ओढायचं आम्ही आणि त्याचं खायचं पण आम्ही. धर्म बदलला तेव्हा ते सोडलं. मायनं स्वतः चान्यांचं गाडगं उकिरड्यावर नेऊन फोडलं. मी तिच्या मागं चालत होतो. त्यानंतर बापाला कॅम्पात काम लागलं आणि बाजारातलं, विकतचं, ताजं मटण घरात आलं, त्याच्या चान्या ती करायला लागली. आता मला वाटलं, म्हातारपणात जीभ मागं तर गेली नाही? ते जर मागत असेल तर मी काय करणार होतो? ते मी आणणार नव्हतो. माय मेली तरी आणणार नव्हतो.

शेवटी विचारलंच. "माय, तुला त्या पयल्या चान्या पायजेत का? गावातल्या?"

ती अंथरुणातून उठून बसली. कित्येक दिवसांत तिला इतकं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

"थू तुझ्या तोंडावर! त्या मागीन मी? माझ्या हातानं फोडलंय ते गाडगं. मला माझ्या चान्या पायजेत. तुझा बाप कॅम्पातून मटण आणायचा, मी कापायचे, त्या."

तिनं शिवी दिली आणि माझ्या छातीवरचं पोतं उतरलं.

मग मी कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं. चैत्राचं ऊन चांगलं लागलं होतं. कॅम्पाच्या बाजारातून मोठ्याचं, म्हणजे बैल-रेड्याचं, मटण आणलं, मांडीचं, चरबी नसलेलं. आमच्यात मटण पुरुषानं आणायचं आणि चान्या बाईनं कापायच्या. पण बायकोला सिन्नरचे तुकडे येत होते, मायची पट्टी येत नव्हती. मायची पट्टी म्हणजे मटणाचा गोळा विळीवर फिरवत फिरवत, मांसाच्या धाग्याच्या दिशेनं, असा कापायचा की एका गोळ्याची एकच लांब पट्टी सुटत जाते. तुटू द्यायची नाही. लावायचं फक्त मीठ आणि हळद. काथ्याच्या दोरीवर टाकायची, दुपारी उलटायची, दिवस कलला की आत घ्यायची. झाली की नाही हे ती डोळ्यांनी बघायची नाही. पट्टी खाटेच्या पायावर आपटायची आणि आवाज ऐकायची.

मी विळी पायाखाली धरून बसलो. पहिलीच पट्टी वीतभर निघाली आणि तुटली.

"तुटली," माय आतून म्हणाली.

"दिसतंय मला."

"धागा सोडून कापलं तू. पोतं उचलायचं काम न्हवं हे."

"तू गप पड."

"पडलेच हाये की."

बायकोला हसू आलं. मलाही आलं. माय हसली नाही, पण तिच्या बोलण्यात जरा जीव आल्यासारखा वाटला मला.

गच्चीवर दोरी बांधली, शेजारी बायकोच्या कुरडया. मी दिवसपाळी सोडून काठी घेऊन घारी हाकत बसलो. घरमालक वर आले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत.

"काय वाळत घातलंय हे?"

"चान्या."

"म्हणजे?"

"मटण."

"कशाचं?"

"मोठ्याचं."

त्यांनी पलीकडच्या गच्चीकडं बोट केलं. "अहो, लोक गच्चीवर पापड-कुरडया घालतात."

"त्या बी हायेत की. त्या काय शेजारीच."

"तुमची दोरी काढा. नाहीतर मला वेगळा विचार करावा लागेल."

"करा विचार," मी म्हणालो. ते गेले. बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर आली आणि नुसत्या आपल्या कुरडया उलटून गेली.

पट्ट्या वाळून आखडल्या तेव्हा एक शेगडीवर भाजली, कुटली, गरम भाकरीच्या पापुद्र्यात घालून मायच्या तोंडाशी नेली. घरभर वास. माझ्या लहानपणाचा वास. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मायनं घास घेतला, फिरवला. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. घास खाली गेला नाही. तिनं तो काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ह्या बी नाय?"

तिनं मान हलवली.

मी उठून गच्चीवर गेलो. भांडायला कुणी नव्हतं. उरलेल्या पट्ट्या गोळा करायला बायको मागून आली. दोघांनी मिळून त्या टोपलीत भरल्या आणि मी दोरी सोडली. मालकाच्या भीतीनं नाही सोडली, हे इथं लिहून ठेवतो. आता वाळवायचं कुणासाठी?

खाली उतरलो तर जिन्यातच जळका वास. स्टोव्हवर दूध ठेवून बायको वर आली होती. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलेलं, खोलीत धूर. आणि स्टोव्हपासून हाताच्या अंतरावर माय भिंतीकडं तोंड करून शांत पडलेली.

"आत्या!" बायको ओरडली. "हाक तर मारायची!"

"का गं? काय झालं?"

मी लसणाची पाकळी ठेचली आणि मायच्या नाकाशी धरली. "काय हाय हे?"

"काय?"

मग भाजलेली चानी धरली. रॉकेलचा बोळा धरला. ती प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघायची, मी काय सांगतो ते कळावं म्हणून.

"तापातच गेलं असंल," ती म्हणाली. "भाकर, भात, दूध, समदं एकसारखं लागतंय. मला वाटलं, चान्यांचा तरी वास येईल."

वॅगन ढकलायची असती तर ढकलली असती. डॉक्टरला विचारलं होतंच, त्यानं छाती बघितली होती. पुन्हा गेलो असतो तर त्यानं पुन्हा छातीच बघितली असती. मी सिन्नर केलं, देवळालीगाव केलं, कॅम्प केला, आणि कुठंच काही कमी नव्हतं. सासूच्या लसणात नव्हतं, ट्रकवाल्याच्या तेलात नव्हतं, त्या जवानाच्या धुरातही नव्हतं. आता इतक्या वर्षांनी, परवा नातवानं परदेशातलं पाकीट आणलं, त्यातलं मटण गोड होतं, साखर लावलेलं. मी थुंकलो आणि हसलो. पण हसता हसता मनात आलं, मायला हे आणि आपल्या चान्या, सगळं एकच लागलं असतं.

त्याच दिवशी, दिवस मावळायच्या वेळी मी तिच्याजवळ बसलो होतो. टोपली खाटेखाली होती. तिनं हात खाली सोडला, चाचपून एक पट्टी काढली आणि लोखंडी खाटेच्या पायावर आपटली. कान देऊन ऐकलं. पुन्हा आपटली.

"मधून ओल्या हायेत."

"राहू दे माय आता."

"राहू दे काय? खणखण वाजाया पायजे. आजून एक ऊन दे. नायतर पावसाळ्यात बुरशी धरंल. खाशील का मग बुरशी?"

पावसाळ्याचं बोलत होती ती. तिच्या मनगटाकडं बघून मला पावसाळा लय लांब वाटला.

"देतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो नाही. टोपली खांद्यावर घेतली, घरमालकाच्या उघड्या दारावरून गच्चीवर गेलो आणि दोरी परत बांधली.