विजेने शुद्ध झालेला पंप

विहिरीवरचा रहाट काढून विजेचा पंप बसवला, तेव्हापासून रहाट ओढणारे शेजारी मला माणसांत मोजण्यासारखे वाटेनात. मी शाळेत सायन्स शिकवत असे, त्यामुळे तुच्छतेचा मला जणू परवानाच होता. घरात अडचण एकच. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या. तिचं सोवळं इतकं कडक, की चामड्याचा वॉशर असतो म्हणून नळाचं पाणी ती पायावरही घेत नसे.

"तुझ्या पंपात चामडं नाही ना रे?" तिने विचारलं होतं.

पंप मी कधी उघडून पाहिला नव्हता. तरी छाती काढून म्हणालो, "आत्या, निखळ लोखंड आणि पितळ!"

तिने विश्वास ठेवला. बाईची एवढीच चूक.

पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीजवळच्या कडुनिंबावर वीज पडली. सकाळी खटका दाबला, तर पंप ढिम्म. दुपारी ब्राह्मण जेवायला बसायचे आणि घरात तांदूळ धुवायलाही पाणी नाही.

"भावाचं पान आज उपाशी राहायला नको," आत्या म्हणाली.

मी पान्हा घेऊन सरसावलो. वीज पाइपातून विहिरीत उतरली असणार, असा माझा सिद्धांत. म्हणून आधी पाइपच सोडवून गवतात टाकला. मग आठवलं, फ्यूज नावाची एक गोष्ट असते. तीच जळाली होती. नवी तार घातली, मोटार घरघरली आणि मी विजयी मुद्रेने मागे वळलो.

मागे श्राद्ध सांगायला आलेले गुरुजी उभे होते. आमचे गुरुजी म्हणजे अर्धे मंत्र पाठ आणि उरलेले डुलक्यांत. असा अडाणी श्रोता पुन्हा कुठे मिळायचा? त्यांना मी वीज समजावू लागलो. ते जांभया देत होते, मोटार फिरत होती, पाइप गवतात पडला होता. पंप कोरडाच चालला आहे, हे सायन्सच्या मास्तराच्या ध्यानातही आलं नाही.

मग वास सुटला. आत्या सोवळ्यातच धावत मागच्या दाराशी आली.

"काय जळतंय रे?"

मी पंप बंद करून खोलला, आत हात घातला आणि दोष सापडल्याच्या आनंदात ओरडलो, "सापडलं! चामड्याचा वॉशर करपलाय!"

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. एवढे दिवस आत्या देवाला याच पाण्याने अंघोळ घालत होती.

गुरुजींची झोप मात्र उडाली. आमच्याकडचं पाणी तेही पीतच होते. ते घाईघाईने म्हणाले, "काकू, वीज म्हणजे साक्षात अग्नी. तिच्या स्पर्शाने पंप शुद्धच झाला म्हणायचा."

"आणि नवं चामडं घातल्यावर?" आत्या म्हणाली. "दर वेळी वीज बोलवायची का, गुरुजी?"

गुरुजींनी शेंडी खाजवली. आत्याने मला फर्मावलं, "अंघोळ कर आणि गंगेवरून कावड आण. कुणाला शिवू नकोस."

ओलेत्याने, खांद्यावर कावड घेऊन मी भर गावातून नदीकडे, म्हणजे आमच्याकडच्या गंगेकडे, निघालो. ज्यांना ज्यांना मी पंपाच्या गोष्टी ऐकवल्या होत्या, ते सगळे त्या दिवशी नेमके ओट्यावर बसलेले.

"काय मास्तर, हाच का तो विजेचा पंप?"

"लांब व्हा रे, शॉक बसेल!"

मी मान वर केली नाही. चार खेपा झाल्या, खांदा सोलून निघाला. पण पानं वेळेवर वाढली गेली. आत्याने भावाच्या नावाचा घास गच्चीवर ठेवला आणि कावळा लगेच शिवला, तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला.

भादव्यातलं गंगेचं पाणी. तुरटी फिरवूनही तांब्याच्या तळाशी बोटभर गाळ होता. गुरुजींनी घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! याला म्हणतात स्वच्छ पाणी."

मी खांद्याला तेल चोळत "अगदी" म्हणालो.