दोन वाफ्यांतलं अंतर
सांडगी मिरची तळायला घेतली की घरभर ठसका उठतो आणि मुरबाडजवळच्या आमच्या गावातली एक सकाळ आठवते. आईच्या परसात मिरचीचे दोन वाफे एकमेकांना लागून होते, एक लवंगीचा आणि दुसरा भरून वाळवायच्या जाड पोपटी मिरचीचा. बी घरचंच धरलेलं होतं, शेजारच्या लवंगीचा पराग लागलेलं, त्यामुळे त्या वर्षी पोपटीतही लवंगीचा जाळ उतरला. पाटीभर मिरच्या उघड्या हातांनी चिरून झाल्यावर तिला ते कळलं. तिने दही लावलं, खोबरेल लावलं, पण हातांची आग जाईना. आम्ही कल्याणला निघालो होतो, जीप दारात उभी होती आणि सहा महिन्यांची माझी मुलगी आजीकडे झेपावत होती. "नको रे, जवल आणू नको," हात पाठीमागे घेत आई म्हणाली, "पोरीच्या डोल्यात जाईल." "नातीपरीस मिरच्या मोठ्या झाल्या तुला," वडील म्हणाले. "मग भातासंगती कोनाला लागतात?" तिने विचारलं. जीप वळेपर्यंत तिचे हात पाठीमागेच होते. पुढच्या वर्षी तिने नवं बी आणलं, वाफे एकमेकांपासून लांब केले, आणि आम्ही निघायच्या दिवशी मिरचीला हातच लावला नाही. धुतलेले हात तिने पुढे केले, तर मुलीने माझ्या खांद्यात तोंड लपवलं आणि ती रडायला लागली. "ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि मिरच्यांची पिशवी माझ्याकडे दिली. अजून दर उन्हाळ्यात पिशवी येते. मुलगी मिरच्या आवडीने खाते. फोनवर आजीशी काय बोलायचं, ते मात्र तिला सुचत नाही.