ईराला कावळा शिवला

डोना गेल्याचा निरोप तिच्या नवऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. मी कणीक मळत होते, हात बरबटलेले, म्हणून लेकीला म्हटलं, "ईरा, बघ गं कोणाचा मेसेज आहे." तिने ओट्यावरचा फोन उचलून वाचला. मग म्हणाली, "डोना आंटी... शी इज गॉन, आई." सौदीतलं यान्बू सोडून कॅनडात परत जाऊन तिला जेमतेम सात महिने झाले होते. त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या.

डोना आमच्या समोरच्या घरात राहायची. दोघींचे नवरे एकाच रिफायनरीत. ती कॅनडातल्या मूळच्या ओजिब्वे लोकांतली. पहिल्या दिवशी मी इंडियन असल्याचं सांगितलं, तर ती खो खो हसली. म्हणाली, "जन्मभर लोक मलाच इंडियन म्हणतायत, खरी आज भेटली!" दिवसभर तिचं शिवणकाम चालायचं. रिबिनींसाठी मला ती जेद्दाला, शराफियाच्या बाजारापर्यंत ओढून न्यायची. दुकानदार 'खलास' म्हणाला तरी ही बया स्वतः खोकी उपसायची आणि हवा तो लाल रंग काढून दाखवायची. मला मेलीला त्या लाल-लालमध्ये काही फरक दिसायचा नाही.

ईरा बारा वर्षांची होती, शहाणी झाली. मी नाशिकला आईला फोन करून हळूच सांगितलं, "ईराला कावळा शिवला." आई म्हणाली, "देवापाशी जाऊ देऊ नकोस चार दिवस." मीही तेच केलं. शिकली-सवरलेली, पण पोरीला देव्हाऱ्यापासून लांब बसवलं. ती रागाने समोरच्या घरात निघून गेली. डोनाने तिला सांगितलं, आमच्यात या वेळी मुलीला लपवत नाहीत. तिने वर्षभर स्ट्रॉबेरी खायची नाही, मनाला आवर घालायला शिकायचं, आणि वर्ष संपलं की मावश्या मिळून तिला पहिली स्ट्रॉबेरी भरवतात, रिबिनी लावलेला घागरा नेसवतात. झालं! ईराने त्याच दिवसापासून स्ट्रॉबेरी सोडली. सुपरमार्केटमध्ये लालभडक डब्यांसमोरून नाक वर करून जायची. मला वाटलं होतं आठ दिवसांचं खूळ आहे. तिने वर्ष काढलं.

वर्ष भरलं तेव्हा डोनाने कॉम्पाउंडमधल्या सगळ्या बायकांना बोलावलं. घागरा फार सुरेख होता. माझ्या जुन्या नारायणपेठीचा काठ, तिच्या आईच्या गाऊनचं कापड, वर चार रिबिनी... आणि समोर, बरोबर मधोमध, काळ्या कापडाचा हातभर कावळा! डोना कौतुकाने म्हणाली, "ईराने सांगितलं, तुमच्यात मुलगी मोठी झाली की तिला कावळा शिवतात. किती छान पद्धत!" पोरीने माझा फोन ऐकला होता. इंग्रजी शाळेतली ती, तिला 'शिवणे' म्हणजे सुईदोरा एवढंच ठाऊक. तिथे चार मराठी बायका होत्या. एकमेकींकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावले.

मी हसून 'थँक यू' म्हटलं आणि घरी येऊन ब्लेडने तो कावळा उसवला. शरमेने मला दुसरं काही सुचलंच नाही. ईराने उसवलेला घागरा पाहिला, घडी करून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "मग मी हा घालणारच नाही." नवऱ्याची नोकरी संपून डोना निघाली तेव्हा तिने विचारलं, "घालते ना गं ईरा?" मी म्हटलं, "हो तर! सणावाराला घालते." म्हणाली, "मग मला एक फोटो पाठव. बास." मी हो म्हटलं. सात महिने आज पाठवते, उद्या पाठवते... काय पाठवणार, कपाळ?

निरोपानंतर माझ्या मनात दिवस मोजले जात होते. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवेना, तर घरचे हात जोडून कबूल करतात, 'तुझं राहिलेलं आम्ही करू.' मग तो शिवतो. इथे कुठला पिंड आणि कुठले भटजी! पण यान्बूच्या बंदरावर कावळे पुष्कळ आहेत, आपल्याकडच्याच जातीचे, जहाजांबरोबर आले म्हणतात. दहाव्या दिवशी सकाळी एक माझ्या कट्ट्यावर येऊन बसला, आणि मी उठून बटणांचा डबा काढला. उसवलेला कावळा मी टाकला नव्हता, त्यातच ठेवला होता. का, ते मलाही सांगता येत नाही.

ईरा शेजारी येऊन बसली. कावळा पुन्हा घागऱ्यावर शिवता शिवता तिला मी त्या शब्दाचे सगळे अर्थ सांगितले, पिंडाचाही. ती आधी पोट धरून हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. डोनाचे टाके बारीक होते, माझे मोठे मोठे पडले. उसवल्याच्या खुणा झाकल्या गेल्या नाहीत त्या नाहीतच.

ईराने घागरा घातला, उंचीला जरा आखूड झालाय. फोटो डोनाच्या नवऱ्याला पाठवला. मी सुई ठेवत होते, तेव्हा ती आरशासमोरून म्हणाली,

"आई, शिवला?"

"हो बाळा," मी म्हटलं. "शिवला."