सात नंबर आणि नऊ नंबर

माझी आत्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांना दाणापाणी करायची. सव्वीस वर्षं. सगळे तिला दाणेवाली म्हणत. लग्न केलं नव्हतं. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

सात नंबरच्या पिंजऱ्यात काळाकुळकुळीत नर होता. कुरळा तुरा, चोचीवर पिवळी गाठ. नऊ नंबरमध्ये तांबूस, पट्ट्यापट्ट्यांची मादी. टर्कीएवढे, उष्ण जंगलातले पक्षी. मांसासाठी मारून मारून रानात जवळपास उरलेच नव्हते. पाट्यांवर दोघांच्या जाती वेगळ्या. मध्ये आठ नंबरचे पोपट.

नर दिवसभर नऊ नंबरकडे तोंड करून घुमायचा. मादी जाळीला छाती लावून ऐकत बसायची.

"नवरा-बायको आहेत गं ही," आत्या म्हणायची. "पाटी लिहिणाऱ्याला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

मी तिथल्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं आणून तिला वाचून दाखवली. या पक्ष्याला नाव देणाऱ्या पहिल्या पंडितानं तो जिवंत पाहिलाच नव्हता. शिकाऱ्यानं पाठवलेल्या एका काळ्या कातड्यावरून त्यानं जात ठरवली आणि टर्कीच्या भावकीत नेऊन बसवली. दुसऱ्याच्या हाती पट्ट्यांचं कातडं लागलं, त्यानं दुसरी जात केली. तिसऱ्यानं दोन्ही एक करून टर्कीपासून वेगळं घराणं काढून दिलं. चौथ्यानं गाठीच्या रंगावरून पुन्हा वाटण्या केल्या. सरकारी यादी चौथ्याचीच होती.

"मेल्या पाखरांवरून भाऊबंदकी!" आत्या हसली. पण ते हसू फार दिवस टिकलं नाही. मादी म्हातारी होत चालली होती.

ती अधीक्षकांकडे गेली. "साहेब, एकच हंगाम उरलाय तिच्याकडे. एकत्र ठेवू द्या."

"आणि संकर झाला तर? नोंदवहीत काय लिहू मी?"

"पुस्तक चुकलं असेल."

"दोनशे वर्षं विद्वान भांडतायत, आणि निकाल तू देणार?"

तिनं सात अर्ज केले. सगळे मीच लिहिले. उत्तर नाही. शेवटी तिनं साहेबांचे पाय धरले, चपराशासमोर. घरी आली ती चपला न काढताच ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

पुढच्या सोमवारी, संग्रहालय बंद असताना, तिनं मादीला कुशीत धरून सात नंबरमध्ये सोडलं. तिच्या जागी ठेवायला पट्ट्यांचं दुसरं पाखरू नव्हतंच, म्हणून रिकामा नऊ नंबर 'दुरुस्ती चालू' असं लिहून झाकला. तेविसाव्या दिवशी घरट्यात दोन पांढरी अंडी होती. त्या दिवशी तिनं मला दारातच मिठी मारली. असं ती कधी करत नसे.

दोन आठवडे झाले आणि साहेबांना कळलं. अंडी उचलली, आत्याची बदली कासवांकडे केली. मादी मोकळ्या घरट्यावर बसून राहिली, खाईना. आत्या कुंपणापलीकडून हाका मारायची, पहारेकरी हात जोडून म्हणायचा, "दाणेवाली, जा ना, माझीही नोकरी जाईल." नवव्या दिवशी मादी गेली.

चार महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. मीही सोबत गेले. ते स्वतः उठून उभे राहिले.

"तुझं खरं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. जात एकच. मादी कधी काळ्या रंगाची निघते, कधी पट्ट्यांची, इतकंच. आता सगळीकडच्या याद्या बदलतील. तू परत ये, नर कुणाच्या हातचं नीट खात नाही."

"अंडी कुठायत?" आत्यानं विचारलं.

साहेबांनी कागद सरळ केले. "तपासणीला तीच दिली होती."

"फोडली?"

"फोडल्याशिवाय कसं कळणार?"

"काय होतं आत?"

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "दोन्हींत जीव धरला होता."

आत्या उठली. खुर्ची सरकवून जागेवर ठेवली, परत रुजू होण्याच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून सात नंबरला रुजू झाली. नर अजून पाच वर्षं जगला. तेवढी वर्षं तिनं त्याला भरवलं, पण त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

साहेबांकडून परतलो त्या संध्याकाळी मी खुळ्यासारखी म्हणाले होते, "म्हणजे जिंकलीस ना गं तू?"

"हो," ती म्हणाली. "नाव लागलं त्यांना एकच." आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली.