ठिवली नव्हे, ठेव

पोलिस ठाण्यात सगळ्यांचे जबाब ज्याच्या हाताखालून जातात त्याला रायटर म्हणतात. हा हुद्दा नाही, काम आहे. हवालदार कादर शिकलगार हे काम सव्वीस वर्षं करत आहेत; ठाणी सात झाली, खुर्ची तीच. सध्याचं ठाणं हडपसरच्या बाजूला आहे. घर गंज पेठेत. वडील मंडईच्या कोपऱ्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. कादर यांनी आजवर एकाही आरोपीवर हात उचललेला नाही, आणि याचं श्रेय ते स्वभावाला देत नाहीत. टाइप करणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, असं म्हणतात.

नवीन अधिकारी आला की पहिल्या आठवड्यात एकदा तरी अडतं. अधिकारी सांगतो, "लिहा, पळून गेला." कादर विचारतात, "पळून गेला म्हणाला, की निघून गेला?" अधिकारी वैतागतो. तीन वर्षांनी कोर्टात त्याच शब्दावर बचावाचा वकील अर्धा तास घेतो, तेव्हा तोच अधिकारी कादर यांना फोन करतो.

अशा माणसाकडून एक चूक झाली, ती गेल्या वर्षी.

ठाण्याच्या हद्दीतल्या एका सोसायटीत गोदाबाई नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्या नर्सिंग होममध्ये असताना पुतण्या शुभंकर याने फ्लॅटची कपाटं उघडली. मूळ खरेदीखताची फाइल जागेवर नव्हती. सोसायटीच्या कॅमेऱ्यात झटक्याच्या चार दिवस आधीचं चित्रण होतं: वॉचमन रावसाहेब, वय अठ्ठावन्न, राहणार लोणी काळभोर, गोदाबाईंच्या दारातून निळी फाइल घेऊन बाहेर पडतो. शुभंकरने चोरीची फिर्याद दिली. ती कादर यांनीच टाइप केली.

रावसाहेबांना नोटीस देऊन रोज बोलावलं जाऊ लागलं. तपास सहायक निरीक्षक अभिनव ढोमणे यांच्याकडे होता. अमरावतीकडचे, तिशीतले, हुशार. पहिल्या दिवशी त्यांनी रावसाहेबांना चार तास बाकावर नुसतं बसवून ठेवलं. वाट पाहून माणूस सैल होतो, हा जुना अनुभव आहे. पण रावसाहेब एकोणीस वर्षं वॉचमन आहेत. बसून राहण्यासाठीच त्यांना पगार मिळतो.

मग चहा झाला, गावची चौकशी झाली, मुलीच्या नर्सिंग कॉलेजबद्दल आस्थेनं विचारून झालं. त्यानंतर एका दणकट शिपायाने आत येऊन, कोठडीत रिकामी जागा आहे, असं ढोमण्यांना ऐकू जाईल आणि रावसाहेबांनाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. प्रश्न सुरुवातीकडून शेवटाकडे विचारले, मग शेवटाकडून सुरुवातीकडे. फाइल कुठे आहे, कोणाला दिली, कोणी सांगितलं. एकदाच रावसाहेब दोन शब्द बोलले, तेही खाली बघून. ढोमणे म्हणाले, "लिहा, ठेवली म्हणतोय." कादर यांनी टाइप केलं: सदरची फाइल मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे.

दुसरा दिवस तसाच गेला. संध्याकाळी ढोमणे थकून म्हणाले, "काका, तुमच्यापेक्षा भिंत बरी. निदान आवाज परत येतो."

तिसऱ्या दिवशी अटकेचा निर्णय व्हायचा होता. अटक झाली असती तर रावसाहेबांची नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. नियमाप्रमाणे कादर यांनी जबाब वाचून दाखवला. ‘ठेवून घेतली’ या शब्दांवर रावसाहेबांनी मान वर केली.

"तसं म्या म्हणलो न्हाई."

"मग काय म्हणालात?"

"ठेव हाय."

कादर थांबले. लोणीकडचा माणूस ‘ठेवली’ म्हणत नाही, ‘ठिवली’ म्हणतो. हे त्यांनी शेकडो जबाबांत ऐकलं होतं. हा माणूस ‘ठेव’ म्हणाला होता. कादर यांच्या घरात त्याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू, सांभाळायला दिलेली. पहिल्या दिवशी त्यांनी खेड्यातलं बोलणं शुद्ध करून लिहिलं होतं, आणि शुद्ध करताना एक नाम क्रियापद झालं होतं.

"कोणाची ठेव?" त्यांनी विचारलं.

ढोमण्यांना या घोळात रस नव्हता. त्यांनी राखून ठेवलेला डाव टाकला. शांतपणे म्हणाले, "आता लपवून उपयोग नाही. गोदाबाईंनीच आम्हाला सांगितलंय, तुम्ही फाइल चोरली म्हणून."

असं ऐकल्यावर माणूस चिडतो, रडतो किंवा कोसळतो. रावसाहेबांचा चेहरा उजळला.

"बोलल्या? बाई बोलाया लागल्या?" ते उठून उभे राहिले. "मंग त्यास्नी म्हणावं, माझ्याकडं मागा. आत्ता आणून देतो."

कादर यांनी फिर्यादीचं दुसरं पान ढोमण्यांपुढे सरकवलं. त्यावर शुभंकरचंच वाक्य होतं: चुलतीस बोलता येत नाही व काही समजत नाही. बोलता येत नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. समजत नाही, हे फक्त शुभंकरने.

दुपारी दोघं नर्सिंग होमला गेले. डॉक्टर आणि एक महिला शिपाई पलंगाशेजारी उभ्या राहिल्या. आधी डॉक्टरांनी वार, महिना, पंखा चालू की बंद, असं विचारून बाईंना समजतं याची खात्री करून दिली. मग कादर यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एका वेळी एक, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले. फाइल चोरीला गेली का? मान नाही म्हणाली. आपण रावसाहेबांना दिली? हो. कोणाला सांगू नकोस म्हणालात? हो. शुभंकरला द्यायची? गोदाबाईंनी कादर यांच्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न पुन्हा विचारण्याची गरज पडली नाही. शेवटचा प्रश्न ढोमण्यांनी विचारला. "आता मागवून घेऊ?"

गोदाबाईंनी वेळ घेतला. मग मान हळूहळू डावीकडून उजवीकडे गेली.

चोरी झालेलीच नव्हती, असा अहवाल गेला. फ्लॅटबद्दल काही म्हणायचं असेल तर दिवाणी कोर्टात जा, असं शुभंकरला सांगण्यात आलं. कादर यांनी जबाबातलं वाक्य रावसाहेबांसमोर बदललं: सदरची फाइल माझ्याकडे ठेव आहे. मग पुन्हा वाचून दाखवलं. रावसाहेबांनी विचारलं, "बाई बोलल्या का पण?"

"नाही. मान हलवली. आत्ता नको म्हणाल्या."

"मंग ऱ्हाऊ द्या."

कादर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. ते आरोपींना सोडायला जात नाहीत, पण आता हे आरोपी नव्हते. लोणीची बस लागली होती. प्रकरण मिटलंय, मी काही लिहून घेत नाही, पण आता तरी सांगा, फाइल आहे कुठे, असं त्यांनी विचारलं.

रावसाहेबांनी बसच्या दांडीला हात घातला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमी बी पोलिसच की."