मागचं दार

परगावी कीर्तनाला गेलो की आमचे बुवा आधी देवापुढे जात नसत. आधी मागचं दार कुठे आहे ते पाहून येत. सिन्नर असो, मनमाड असो, यजमान चहाचं विचारत असायचे आणि बुवा उपरणं सावरत देवळाच्या पिछाडीला. लोकांना वाटे, बुवा आडोशाला जाऊन जप करतात. मी त्यांच्यामागे पेटी वाजवायचो, त्यामुळे तो कसला जप ते मला ठाऊक होतं.

"लघुशंका म्हणजे बारीकशी शंका," बुवा मला म्हणत. "मोठमोठ्या शंका मी श्रोत्यांच्या फेडतो आणि माझी ही बारीक काही फिटत नाही." जाऊन आले तरी पुन्हा जावंसं वाटे. तिथे गेलं की भिंतीकडे तोंड करून नुसतं उभं राहायचं. पण साठी उलटल्यावर असं चालायचंच, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्या काळी नाशकातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच रडगाणं असावं. पण बोलेल तर शपथ. पोटाच्या तक्रारी पारावर बसून चवीनं सांगणारी माणसं या एका बाबतीत मुकी होत.

बुवांनी यावर उपाय काढला तो पाणी तोडण्याचा. कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून घोटभरसुद्धा घेत नसत. एकदा गादीवर उभं राहिलं की आरती होईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्या गुरूंचा दंडक. श्रोत्यांना बुवांचा चेहरा दिसे, मला त्यांच्या टाचा. आख्यान रंगात आलं की त्या टाचा एकमेकींवर घासू लागत आणि मी लय हळूच वाढवी. आरती झाली रे झाली की बुवा दिसेनासे होत. पाया पडायला आलेले लोक ताटकळत आणि बुवांना शिष्ट म्हणून घरी जात. मला त्या लोकांचा फार राग येई.

रामनवमीला पंचवटीत जन्माचं कीर्तन होतं. राम जन्मायचा तो भर बाराला, त्यामुळे आवरतं घेण्याची सोय नाही. त्या दिवशी बुवांनी पाळणा म्हटला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, अंगरखा पाठीला चिकटला होता. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. "काय ही भक्ती," शेजारचा तबलजी पुटपुटला. गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. बुवा मागच्या दाराने गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी पाहायला गेलो तर भिंतीला कपाळ टेकून उभे होते. "होतच नाही रे," म्हणाले.

वैद्यांनी मूतखडा ठरवला. गोखरूचा काढा आणि वर बार्लीचं पाणी, जेवढं पोटात जाईल तेवढं. पोट टरारून फुगलं. मग थेंब थेंब सुरू झालं, धोतरं भिजू लागली आणि घरात आनंद झाला. काढा लागू पडला म्हणून काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, देवापुढे साखर ठेवली. बुवा मात्र दिवसेंदिवस सुस्तावत गेले, पाय सुजले, उचकी थांबेना. तेव्हा मी त्यांना इस्पितळात नेलं.

"लघवी होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सारखी होते," मी म्हणालो.

त्यांनी बुवांच्या ओटीपोटावर हात ठेवला. "होत नाही, सांडते आहे. हंडा भरला की वरून सांडतो तशी. खडा नाही हा. पुरुषांना मूत्रमार्गाभोवती एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते."

रबरी नळी घातली आणि भांडं भरलं. बुवा लहान मुलासारखे रडले, सुखानं. पण नळी काढली की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, ओटीपोटाला भोक पाडून कायमची नळी बसवतो, बाटली जवळ बाळगायची. बुवा उठले आणि घरी आले.

घरी पुन्हा सगळं तुंबलं. चार दिवस मी विनवण्या केल्या. "नळी गळतेय आणि मी गादीवर उभा," बुवा भिंतीकडे बघत म्हणाले. "ते सोवळं नाही. आणि गादी सुटल्यावर कोण ऐकणार मला?"

काकू चारचौघांत कधी बोलत नसत. त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मी ऐकेन. घरात बसून सांगा. आजवर मी चुलीशीच होते, एक कीर्तन धड ऐकलेलं नाही."

बुवांनी भिंतीकडची नजर काकूंकडे वळवली. मग मला म्हणाले, "टांगा आण."

टांग्यातच त्यांची शुद्ध हरपली. तुंबलेल्या लघवीचं विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि नळीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी बुवा गेले.

काकू इस्पितळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उभ्या जन्मात एकदा माझं ऐकलं हो त्यांनी, तेही उशिरा."